पंधराशे रुपये, दोन तालुके: लाडक्या बहिणीच्या नियमांची नवलाई

शहापूरच्या बाजारात असो की मुरबाडच्या एसटी स्टँडवर, बायकांचा पहिला प्रश्न एकच: "हप्ता आला का गं?" लाडकी बहीण योजनेत महिन्याला मिळणाऱ्या या पंधराशेंना सत्ताधारी ओवाळणी म्हणतात, विरोधक मतांची खरेदी. या भांडणात योजनेचे नियम मात्र कुणी फारसे वाचत नाही. ते वाचले, शेजारी तारखा मांडल्या, की बऱ्याच चकित करणाऱ्या गोष्टी सापडतात.

1. चोवीस दिवसांत चक्र फिरलं
शहापूर आणि मुरबाड दोन्ही भिवंडी लोकसभेत येतात. 4 जून 2024 ला तिथे केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामांनी 66 हजारांवर मतांनी पराभव केला. राज्यभर सत्ताधारी महायुतीला फटका बसला. 28 जूनला अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' जाहीर झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेआधीच एकत्र जमा झाले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं.

2. आधी दार सताड, मग चाळणी
आठवडाभरातच अटी सैल झाल्या. पाच एकर जमिनीची अट गेली, वयाची मर्यादा 60 वरून 65 झाली. अधिवास दाखल्याऐवजी 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्रही चालू लागलं. आदिवासी ठाकूर-कातकरी वाड्यांवर दाखला मिळवायचा म्हणजे रोजगार बुडवून तहसीलला खेटे घालायचे, त्यामुळे ही सवलत योग्यच होती. काटेकोर पडताळणी मात्र निवडणूक झाल्यावर आली. 2025 च्या मध्यात सुमारे 26 लाख जणींचा लाभ थांबला. लाभार्थ्यांत 14 हजारांवर पुरुषही निघाले!

3. पासष्टावा वाढदिवस महागात
लाडकी बहीण योजनेत कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख. पासष्टी ओलांडली की या योजनेतून नाव बाद. पुढे श्रावणबाळ योजना आहे, रक्कमही तीच 1500. पण तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला 21 हजार! निराधार विधवेसाठीच्या संजय गांधी योजनेलाही हीच अट. म्हणजे जी सगळ्यात गरजू, तिचीच वाट सगळ्यात अरुंद.

4. अंगठा नाही, सही
मुरबाडच्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून वर्गात बसतात, पाटीवर आपलं नाव गिरवतात. योजनेच्या अर्जासोबत हमीपत्र द्यावं लागतं. त्याखाली अंगठा उठवणं वेगळं आणि ते वाचून सही करणं वेगळं. या शाळेचं मोल इथे कळतं.

5. कॅशलेस गावाचा तालुका
राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून 1 डिसेंबर 2016 ला गाजलेलं धसई मुरबाड तालुक्यातलंच. आज पंधराशेही थेट खात्यात येतात. पण 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. ज्यांचे पती-वडील हयात नाहीत त्या अडकल्या, त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली.

6. तेच दोघे, पक्ष अदलाबदल
आदिवासींसाठी राखीव शहापूर विधानसभा मतदारसंघात 2014 ला राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा जिंकले, शिवसेनेचे दौलत दरोडा हरले. 2019 ला बरोरा शिवसेनेत आणि दरोडा राष्ट्रवादीत, जिंकले दरोडा. 2024 ला दोघेही फुटलेल्या राष्ट्रवादीचेच, दरोडा सत्ताधारी महायुतीतले घड्याळवाले, बरोरा विरोधातले तुतारीवाले. दरोडा जेमतेम 1,672 मतांनी निवडून आले.

7. मत विकत मिळत नाही
मुरबाडमध्ये भाजपचे किसन कथोरे 2019 ला 1 लाख 36 हजारांनी जिंकले होते. 2024 ला पंधराशे खात्यात असूनही मताधिक्य 52 हजारांवर आलं. या मतदारसंघात बदलापूर शहरही आहे आणि या वेळी लढतही तगडी होती, हे खरं. तरीही शहापूर-मुरबाडचे आकडे सांगतात की बाई पैसे घेते आणि मत स्वतःच्या विचाराने देते.

8. बोली सगळ्यांनीच लावली
प्रचारात महायुतीने 2100 चा शब्द दिला, विरोधी महाविकास आघाडीने 3000 चा. 2025 च्या अर्थसंकल्पात 2100 आले नाहीत. गोव्यात भाजप सरकारने 2012 मध्येच गृहिणींना पैसे देणारी गृह आधार योजना सुरू केली होती, कर्नाटकात काँग्रेस सरकार गृहलक्ष्मीचे 2000 देतं.

9. पंच आहे, शिट्टी मऊ
आचारसंहितेची सुरुवात 1960 मध्ये केरळात झाली, पण तिला आजही स्वतंत्र कायद्याचं बळ नाही. जाहीरनाम्यातलं आश्वासन कायद्याच्या अर्थाने भ्रष्ट आचरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं आखायला लावली.

पंधराशे रुपये ही मेहेरबानी नाही. पैसा जनतेच्या तिजोरीतला आहे, तेव्हा घेणारीला कुणी मिंधी समजू नये. पण पात्रतेची छाननी पैसे देण्याआधी व्हावी, आणि निवडणुकीच्या तोंडावर नवे हप्ते, नव्या अटी नकोत, सरकार कुणाचंही असो. पुढच्या ग्रामसभेत योजनेचे नियम मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: 21 हजारांची अट कधी बदलणार?