गुच्छी नावाची शेतकरीण

एप्रिल महिना. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू, चंबा किंवा शिमल्याकडचं एखादं उंचावरचं गाव. उन्हाकडच्या उतारावरचा बर्फ नुकताच वितळलाय, जमीन भिजून मऊ झालीय, आणि देवदार-कैलच्या झाडांखाली माणसं कमरेत वाकून, पाऊल जपून टाकत चालली आहेत. त्यांत आज्या आहेत, मेंढ्या घेऊन निघालेले गद्दी धनगर आहेत, शाळेआधी एक फेरी मारून घेणारी मुलंही आहेत. सगळ्यांच्या नजरा जमिनीला खिळलेल्या. कुणी कुणाला हाक मारत नाही. आपली जागा दुसऱ्याला कळू द्यायची नाही ना!

हा शोध चाललाय गुच्छीचा. गुच्छी ही एक रानटी अळंबी. पावसाळ्यात आपल्या अंगणात उगवणारी कुत्र्याची छत्री तुम्ही पाहिली असेल. तिला वर छत्री आणि छत्रीच्या खाली पातळ पातळ पडदे असतात. गुच्छीला यातलं काहीच नसतं. फिकट देठ आणि त्यावर लांबुळकी तपकिरी टोपी. ती टोपी मधमाशांच्या पोळ्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. उभी चिरली तर शेंड्यापासून तळापर्यंत आत नुसती पोकळी! आपला कुणी पाहुणा हिमाचलातून किंवा काश्मीरमधून सुकी गुच्छी घेऊन आला, तर स्वयंपाकघरात जायच्या आधी तिच्यातली एक भिंगाखाली जरूर बघा. प्रत्येक खड्ड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म नळ्यांचं अस्तर असतं. एकेका नळीत साधारणपणे आठ बीजाणू असतात. ते पिकले की नळीच्या टोकाचं चिमुकलं झाकण उघडतं आणि बीजाणू जोरात बाहेर फेकले जातात. पुढचं काम वारा करतो.

पण आधी ती दिसली तर पाहिजे! खाली पडलेल्या सुया तपकिरी, सुकलेली शंकूफळं तपकिरी, आणि त्यांच्यात उभी असलेली गुच्छीही तपकिरी. नवखा माणूस तिच्यावर पाय देऊन पुढे जातो. गंमत म्हणजे पहिली एक दिसली, की तिच्या आजूबाजूला दुसरी, तिसरी, चौथी पटापट दिसायला लागतात. त्या आधीही तिथंच होत्या. बदललेली असते ती आपली नजर. काय शोधायचं आहे त्याचं पक्कं चित्र मेंदूला मिळतं आणि बाकीचा पसारा तो बाजूला सारतो. पक्षीही किडे शोधताना हेच करतात. म्हणून जाणती माणसं पहिली गुच्छी सापडली की घाई करत नाहीत. तिथंच बसतात आणि चहूबाजूंना सावकाश बघतात.

एवढी खटपट कशासाठी? एक तर चवीसाठी. काश्मीरचा गुच्छी पुलाव मोठ्या मेजवान्यांमध्ये मानानं वाढतात. दुसरं कारण भाव. ताज्या गुच्छीत बहुतेक पाणीच असतं. घरोघर तिच्या माळा ओवून चुलीच्या वर टांगतात, आणि सुमारे दहा किलो ताजी गुच्छी वाळून जेमतेम एक किलो उरते. ती सुकी गुच्छी बाजारात किलोला दहा हजार रुपयांच्या वर, कधी कधी त्याच्याही दुप्पट-तिप्पट भावानं जाते. एका कुटुंबाचा वर्षाचा किराणा, मुलांची वह्या-पुस्तकं यांतला मोठा वाटा या काही आठवड्यांतून निघतो.

डोंगरातल्या लोकांची एक समजूत आहे: ढग गडगडले, वीज कडाडली की गुच्छी उगवते. मला ही समजूत हसून सोडून द्यावीशी वाटत नाही. गडगडाटामागून पाऊस येतो आणि ऊन-पावसाच्या त्या दिवसांत माती कोमट, ओली होते. गुच्छीला नेमकं हेच हवं असतं. शिवाय जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शिताके नावाच्या अळंबीच्या ओंडक्यांना खरोखरच विजेचे जोरदार झटके देऊन बघितले, तेव्हा पीक जवळजवळ दुप्पट आलं! हा प्रयोग गुच्छीवरचा नव्हे, त्यामुळे त्यावरून गुच्छीबद्दल निकाल देता येणार नाही. पण डोंगरातल्या आजीचं निरीक्षण तपासून बघण्याच्या लायकीचं आहे, एवढं नक्की.

आता एक गोष्ट नीट वाचा. रानातली कुठलीही अळंबी स्वतः तोडून तोंडात घालायची नाही. कधीच नाही. युरोप-अमेरिकेच्या जंगलांत गुच्छीसारखीच वाटणारी एक अळंबी उगवते, गायरोमिट्रा. तिच्या टोपीला खड्डे नसतात, सुरकुत्या असतात. तिच्यातल्या विषापासून पोटात मोनोमिथाइल हायड्रॅझिन हे रसायन तयार होतं. हे नाव अवकाशयानांची आवड असलेल्या मुलांनी ऐकलं असेल, कारण आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यात हेच इंधन जळतं! आणि खरी गुच्छीसुद्धा कच्ची खायची नसते. 2023 साली अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात एका उपाहारगृहात कच्ची किंवा अर्धवट शिजवलेली गुच्छी खाल्ल्यानंतर 51 जण आजारी पडले आणि त्यांतले दोघं दगावले. तिच्यात नेमकं काय बाधतं हे शास्त्रज्ञांना अजून पुरतं कळलेलं नाही. ती नीट शिजवायलाच हवी.

आता जमिनीखाली जाऊ या, कारण खरी नवलाई तिथं आहे.

आपण जिला गुच्छी म्हणतो तो त्या बुरशीचा थोडे दिवस वर आलेला भाग, बीजाणू पसरवण्यापुरता. खरी बुरशी मातीत असते, केसांहूनही बारीक पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपात. स्वित्झर्लंडमधल्या एका जंगलात शास्त्रज्ञांनी तब्बल 29 वर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा अळंब्या खुडल्यामुळे पुढच्या वर्षी त्या कमी येतात असं आढळलं नाही. मात्र माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेली की त्या कमी उगवत होत्या. जाळं खाली असतं, म्हणून नुसतं वरचं खुडल्यानं त्याचं बिघडत नाही.

बुरशी म्हणजे झाड नव्हे. तिला हिरवी पानं नाहीत, स्वतःचं अन्न उन्हात बनवता येत नाही. कुजणारं लाकूड, पाला आणि काही वेळा जिवंत झाडांची मुळं यांच्याकडून ती अन्न मिळवते. पण 2013 साली स्वित्झर्लंडच्या नूशातेल विद्यापीठातल्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी गुच्छीच्याच कुळातल्या मॉर्केला क्रॅसिपेस या बुरशीबद्दल जे छापलं, ते वाचून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. ही बुरशी जिवाणूंची शेती करते!

कशी ते बघा. मातीच्या कणांमध्ये कोरड्या फटी असतात. जिवाणूंना त्या ओलांडता येत नाहीत. पण बुरशीच्या तंतूंवर पाण्याचा अगदी पातळ थर असतो आणि त्यातून जिवाणू पोहत पोहत लांबवर जातात. ही झाली पेरणी. मग बुरशी आपल्या तंतूंमधून पोषक रस बाहेर सोडते. तो खाऊन जिवाणू वाढतात. ही झाली खतपाण्याची सोय. आणि जिवाणूंची संख्या चांगली वाढली की बुरशी त्यांनाच शोषून घेते. कापणी!

आता तुम्ही विचाराल, कुणी कुणाला खाल्लं हे कळलं कसं? तिथं या संशोधकांची हुशारी आहे. त्यांनी नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड असा कार्बन-13 वापरला. तो ओळखू येतो, त्यामुळे तो कुठून निघाला आणि कुणाच्या शरीरात पोहोचला याचा माग काढता आला. बुरशीचा कार्बन जिवाणूंत गेलेला दिसला आणि नंतर जिवाणूंचा कार्बन बुरशीत परत आलेला दिसला. त्यातही जिवाणू वाढवायचे एकीकडे आणि त्यांच्यापासून मिळालेलं अन्न साठवायचं दुसरीकडे, अशी कामाची वाटणी होती. साठवणीच्या जागी बुरशीच्या कठीण गाठी तयार होतात. शेती करणाऱ्या बुरशीच्या गाठी जास्त आणि जास्त सोशिक निघाल्या. थंडी, कोरड, उपासमार काढायची ती याच गाठींच्या जिवावर. आणि वसंतात गुच्छी वर येते तेव्हा तिला शिदोरीही यांचीच.

सह्याद्रीत बर्फ पडत नाही आणि देवदारही नाहीत, तेव्हा आपल्या रानात गुच्छी शोधायला जाऊ नका. पण शेतकरी आपल्याकडेही आहेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर पांढरी अळंबी येते, गोव्यात लोक तिची वर्षभर वाट बघतात. ती उगवते वाळवीच्या शेतातून! वाळवी सुका पाला, लाकूड चावून वारुळात आणते, त्याचे थर रचते, त्यांवर ही बुरशी वाढवते आणि खाते. सुमारे तीन कोटी वर्षं हे चाललंय. म्हणजे बघा, सह्याद्रीत किडा बुरशी पिकवतो, तर गुच्छीच्या कुळातली बुरशी जिवाणू पिकवते. शेती हा फक्त माणसाचा धंदा आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला हे दोन शेतकरी दाखवा.

माणसाला मात्र या शेतकरणीचं पीक घेणं शंभर वर्षांहून अधिक काळ जमत नव्हतं. बटन मशरूम पिकलं, धिंगरी पिकली, गुच्छी काही बधेना. 1982 साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या रॉनल्ड ओवर यांनी ती प्रयोगशाळेत उगवून दाखवली. त्यांना गाठींचं महत्त्व कळलं होतं. आधी बुरशीला भरपूर खाऊ घालून गाठी धरू द्यायच्या, मग खाणं तोडायचं आणि पाणी सोडायचं. डोंगरात बर्फ वितळतो तेव्हा मातीत काय होतं? हेच की!

त्यानंतर चीनमध्ये, विशेषतः सिचुआन प्रांतात, शेतात सावलीखाली गुच्छी पिकू लागली. तिथले शेतकरी एक नामी युक्ती करतात. बुरशी मातीत पेरतात आणि मातीवर गव्हासारख्या धान्यानं भरलेल्या भोकं पाडलेल्या पिशव्या ठेवतात. बुरशी पिशवीत चढते, तिथलं अन्न खाली मातीतल्या जाळ्यात नेऊन साठवते, आणि मग शेतकरी पिशव्या उचलून घेतात. 2021 साली डेन्मार्कमधल्या दोन भावांनी बंद खोलीत बारा महिने गुच्छी पिकवण्यात यश आल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराला हिमाचलातल्या सोलनच्या खुंब संशोधन संचालनालयानंही गुच्छी पिकवून दाखवली. सोलनला ‘मशरूम सिटी’ म्हणतात ते उगीच नाही.

तरीही हे पीक भारी लहरी आहे. एका शेतात टोपलीभर गुच्छी येते आणि बांधापलीकडे, तेच बियाणं, तेच पाणी, त्याच पिशव्या असूनही, हाताला काहीच लागत नाही. म्हणून आता संशोधक अशा दोन्ही शेतांतली माती तपासतात आणि तिच्यात कोणकोणते जिवाणू राहत होते, हे मोजून बघतात.