इनामगावच्या गोल झोपड्या आणि वंशभेदाचा प्रश्न

राहणी बदलली म्हणजे माणसेच बदलली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुराविद्येत जुनाच आहे. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव या दृष्टीने विचारार्ह होय. येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या सुमारास माळवा, पूर्व-जोर्वे व उत्तर-जोर्वे असे तीन कालखंड तेथे सलग आढळतात. जोर्वे संस्कृतीची एक वस्ती जवळच्या दौंड तालुक्यात वाळकी येथेही होती.

पूर्व-जोर्वे काळातील लोक प्रशस्त चौकोनी घरांत राहत. इ. स. पू. १००० नंतर मात्र लहान गोल झोपड्या व हलक्या प्रतीची मृद्भांडी दिसू लागतात. शेती घटते, शिकारीवरील भर वाढतो. मग कोणी नवे भटके लोक आले काय? दफनविधी निराळी साक्ष देतात. मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घरातच पुरावे आणि प्रौढांस पावले तोडून उत्तर-दक्षिण निजवावे, ही चाल दोन्ही काळांत अखंड आहे. (मृताने परतू नये म्हणून पावले तोडीत, हा केवळ तर्क समजावा.) घर दारिद्र्याने बदलते, अशी रूढी शेजाऱ्याकडून कोणी सहज उचलीत नाही. मधुकर ढवळीकरांनी या ऱ्हासाचे कारण वाढते अवर्षण मानले. बालकांच्या अस्थींच्या पुढील अभ्यासात उत्तर-जोर्वे काळी वाढ खुंटल्याच्या खुणा दिसल्या. त्यांचा संबंध कुपोषणाशी आहे, वंशाशी नव्हे.

प्राचीन डीएनएवर येथे फारशी भिस्त ठेवता येत नाही. उष्ण हवेत तो क्वचितच टिकतो. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी केवळ एकाच स्त्रीचा जनुकसंच हाती आला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आजच्या लोकांच्या जनुकांवरून मात्र एक गोष्ट कळते. २०१३ मधील एका अभ्यासानुसार भारतात सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी व्यापक मिश्रण झाले व नंतर अंतर्विवाहाचे निर्बंध दृढ झाले. इरावती कर्वे व कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली, तेव्हा समान दर्जाच्या या गटांतही जैविक अंतर आढळले होते. अशी अंतरे पडण्यास विवाहाच्या मर्यादा पुरेशा असतात. त्यांसाठी दूरदेशीचे निरनिराळे पूर्वज कल्पावयास नकोत. इनामगावची वस्ती तर मिश्रणाच्या त्या कालखंडाच्या ऐन मध्यावर येते. म्हणून शिरूर-दौंडमधील आजच्या कोणत्याही एका जातीस इनामगावकरांचे वारस ठरविणे, अथवा दुसरीस उपरी म्हणणे, या पुराव्याच्या आधारे शक्य नाही.