आयता नंदी नको, आधी हाताने केलेला बैल

पोळा जवळ आला की अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्याच्या बाजारात मातीचे, लाकडाचे बैल दिसू लागतात. एक जोडी घरी येते, पाटावर मांडली जाते, पूजा होते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेला नंदी सजवून लेकरं घरोघर फिरतात, खाऊ आणि बोजारा मिळवतात. जनावरांशी नातं जोडणारा लहान मुलांचा असा सण आपल्याकडे आहे, आणि तरी मुलाच्या हाती आयता नंदी देऊन आपण त्यातला निम्मा धडा गमावतो. नंदी जरूर घ्यावा. पण त्याआधी एक तरी बैल मुलाने स्वतःच्या हाताने करावा.

तान्हा पोळा १८०६ मध्ये नागपूरच्या दुसऱ्या रघूजी राजे भोसल्यांनी सुरू केला, असं सांगितलं जातं. चाकांवरच्या जनावरांची हौस मात्र त्याहून कितीतरी जुनी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत बैलजोडी जुंपलेला रथ होता आणि चाकांवर उभे केलेले हत्ती, गेंडा आणि म्हैसही होती.

बघितल्याशिवाय घडत नाही

चित्रात रंग भरताना मुलाला फारसं बघावं लागत नाही. रेषा आधीच कुणी आखलेल्या असतात. मातीचा गोळा हाती आला की प्रश्न सुरू होतात. कान शिंगांच्या वर की खाली? वशिंड पाठीच्या मधोमध की मानेजवळ? गळ्याखालची पोळी कुठपर्यंत लोंबते? खूर अखंड की दुभंगलेला? उत्तरं गोठ्यात असतात. म्हणून आधी मुलांना गोठ्यात न्यावं, मालकाच्या परवानगीने आणि मोठ्यांचा हात धरून. तिथे त्यांना भरपूर बघू द्यावं आणि मगच माती मळायला बसवावं.

आपल्या भागात बघण्यासारखं खूप आहे. वर्धा नदीपलीकडच्या आर्वी भागाची ओळख असलेला गवळाऊ बैल पांढरा-करडा, लांबट तोंडाचा, आखूड बोथट शिंगांचा. नागपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी लांब, खांद्यांपर्यंत मागे गेलेली. ही दोन जनावरं शेजारी शेजारी घडवणारं मूल ‘बैल’ आणि ‘म्हैस’ हे शब्द पाठ करत नाही, त्यांतला फरक बोटांनी ओळखतं.

माती, धांडे, पऱ्हाटी

साहित्य विकत आणायची गरज नाही. फक्त एक अडचण येते. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून नुसत्या काळ्या मातीच्या बैलाला भेगा पडतात. तिच्यात चाळलेली राख किंवा बारीक भुसा मिसळावा. पाय आखूड आणि जाड ठेवावेत, आत खराट्याची काडी घालावी आणि बैल सावलीत सुकवावा. रंगासाठी हळद आणि गेरू पुरतात. ज्वारीच्या धांड्यांची गाडी होते, पऱ्हाटीच्या काडीचं जू होतं आणि सुतळी उसवली की शेपटीचा गोंडा. पाय मोडलाच तर मुलालाच विचारावं, का मोडला असेल? एवढं वजन चार पायांवर कसं तोललं जातं, हे त्याला तिथेच कळायला लागतं.

मग जू चढवायची वेळ येते. ते ठेवायचं कुठे? वशिंडाच्या पुढे, मानेवर. खऱ्या बैलाच्या मानेवर नेमकं तिथेच घट्टे पडतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद का चोळतात, हे मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही वाट आपलीच

हातांनी शिकवण्याचा विचार आपल्याला परका नाही. १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलं. तीच नई तालीम. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून आदिवासी मुलांचं बालशिक्षण उभं केलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही लहान वयात खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर देतं. धोरणाने हे सांगितलं ते चांगलंच झालं, पण माती आपल्या अंगणात आधीपासूनच आहे.

आज गावोगावी बैलाचं काम ट्रॅक्टरने घेतलंय. खेड्यातल्या कितीतरी मुलांनाही दूध पिशवीतून येताना दिसतं, कासेतून नाही. त्यामुळे जनावरं घडवण्याचं हे काम सणापुरतं ठेवून चालणार नाही. अंगणवाडीच्या ताईंनी वर्षभर ते करून घ्यावं: पोळ्याला बैल, पुढे गाय-वासरू, शेळी, आणि धनगरांचे कळप आले की कापूस चिकटवलेली मेंढी. प्रत्येक वेळी त्या जनावराला सांभाळणारा एक माणूस मुलांसमोर बोलवावा. ते काय खातं, आजारी पडलं की कसं ओळखायचं, हे त्याच्याकडून ऐकावं. मुलांच्या बैलांना नंबर मात्र देऊ नयेत. वाकड्या वशिंडाचा आणि तीन पायांवर झुकलेला बैलही फळीवर मांडावा, कारण तो करताना मुलाने खरा बैल नीट पाहिलेला असतो, आणि आपल्याला शिकवायचं होतं ते तेवढंच.