मोटारीचे अग्निमांद्य

अन्न रुचेनासे झाले, चार पावले चालताच धाप लागू लागली, म्हणजे जुना वैद्य त्या अवस्थेला 'अग्निमांद्य' असे नाव देत असे. मोटारीलाही हा विकार जडतो. इंजिन सुरू होते, गाडी चालते, आवाजही फारसा बदललेला नसतो. परंतु ॲक्सिलरेटरवर पाय दाबला असता पूर्वीची झेप काही येत नाही. साध्या प्रवासी गाडीत हा फरक बरेच दिवस ध्यानात येत नाही. स्पोर्ट्‌स-मोटार मात्र वेगासाठीच घडविलेली. तिचा मंदपणा तत्काळ जाणवतो.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. जालन्याहून भोकरदनकडे किंवा अंबडकडे जाताना पुढे ताशी ६० किलोमीटरने चाललेला मालट्रक आहे, अशी कल्पना करावी. त्याला मागे टाकण्यास, पुढचे-मागचे अंतर धरून, त्याच्यापेक्षा सुमारे ५० मीटर अधिक जावे लागते. गाडी ताशी ८० चा वेग घेत असेल, तर हे काम ९ सेकंदांत व २०० मीटर रस्त्यात उरकते. तीच गाडी मंदावून ७० वरच अडली, तर १८ सेकंद व ३५० मीटर लागतात. समोरून ताशी ८० ने दुसरे वाहन येत असेल, तर पहिल्या वेळी ४०० मीटर मोकळा रस्ता पुरतो. दुसऱ्या वेळी ७५० मीटर हवा. चालकाचा अंदाज मात्र जुन्याच शक्तीवर बेतलेला असतो, आणि धोका नेमका तेथेच आहे.

निदानापूर्वी एक विवेक करावयास हवा: जे दिसते तो रोग आहे की हवामानाचा परिणाम? इंजिनाची शक्ती पेट्रोलइतकीच हवेवर अवलंबून असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पुरते जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. वैशाखात पारा ४२ अंशांवर गेला, म्हणजे तेथील एका घनमीटर हवेचे वजन मुंबईच्या ३० अंशांवरील हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. साध्या इंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. टर्बो असलेल्या गाडीत ही उणीव पुष्कळशी भरून निघते. महाराष्ट्रात जन्मलेली व २०१२ साली दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात मांडली गेलेली 'अवंती' ही दोन-आसनी गाडी अशाच टर्बो-इंजिनाची होती. अशा गाडीत बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते आणि हवा दाबून आत भरते. तेव्हा साधी गाडी केवळ उन्हाळ्यातल्या दुपारीच सुस्त वाटत असेल, तर गॅरेजकडे धाव घेण्याचे कारण नाही. पहाटेच्या गारव्यातही ती सुस्त असेल, तर मात्र शोध घेतलाच पाहिजे.

आयुर्वेदाने रोगपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले: प्रश्न, दर्शन आणि स्पर्शन. मोटारीलाही हाच क्रम लागू पडतो, आणि त्यात पैशाची बचतही आहे.

प्रथम प्रश्न. मंदपणा एकाएकी आला की हळूहळू? गाडी थंड असता की तापल्यावर? चढावरच की सपाटीवरही? अलीकडे पेट्रोल कोठे भरले? गाडी किती दिवस उभी होती? या उत्तरांनी निम्मे काम होते. हळूहळू आलेला मंदपणा बहुधा धूळ किंवा झीज सुचवितो. एकाएकी आलेला मंदपणा निसटलेली नळी, बिघडलेला संवेदक किंवा वाईट इंधन यांकडे बोट दाखवितो.

त्यानंतर दोष इंजिनाचाच आहे ना, हे ठरवावे. इंजिनाचे फेरे भराभर वाढतात पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. थोड्या प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले जाणवले, तर ब्रेक चिकटून राहत आहे. मात्र तापलेल्या चाकाला हात टेकू नये, जवळ नेला तरी पुरे. टायरांत हवा कमी असली तरी गाडी जड चालते, आणि समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, कमी हवेचा टायर तापून फुटण्याचे भय असते ते वेगळेच. पायाखालची सतरंजी सरकून ॲक्सिलरेटरच्या खाली अडकली, तर तो पुरता दाबला जात नाही. या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

आता दर्शन. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार एक संगणक पाहतो. काही बिघाड आढळला, म्हणजे तो त्याची खूण क्रमांकाच्या रूपाने नोंदवून ठेवतो आणि पुष्कळदा इंजिन वाचविण्यासाठी शक्ती मुद्दाम आखडती घेतो. स्कॅनर लावून तो क्रमांक वाचावा. तथापि क्रमांक म्हणजे निदान नव्हे. ताप हे जसे लक्षण, तसाच तो क्रमांक. संगणक पेट्रोलचे प्रमाण नेहमीपेक्षा किती वाढवीत आहे, हा आकडा त्याहून बोलका असतो. गाडी उभी असता ही वाढ मोठी आणि फेरे वाढविताच कमी होत असेल, तर कोठल्या तरी फटीतून चोरून हवा आत शिरत आहे. उभ्या गाडीत आकडा ठीक, पण जोर लावताच वाढतो, असे असेल तर पेट्रोल पुरेसे पोचत नाही किंवा हवा मोजणारा संवेदक मळला आहे.

अशा रीतीने तपास तीन गोष्टींवर येतो: हवा, इंधन आणि ठिणगी.

हवेचा मार्ग प्रथम पाहावा. काळ्या मातीचे रस्ते, कापसाचा हंगाम आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने असलेल्या जालन्यात हवेची गाळणी पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच भरते. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या उन्हाने तडकतात; जोर लावताच 'फुस्स' असा आवाज आला, तर दाबलेली हवा वाटेतच निसटत आहे असे समजावे.

इंधनाची गोष्ट जरा सूक्ष्म आहे. साधे पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचे असे. पुष्कळ स्पोर्ट्‌स-मोटारींना ९५ किंवा अधिक लागते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल दाबाखाली अवेळी पेट घेते आणि इंजिनात ठोके पडतात. ते टाळण्यासाठी संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण शक्ती जाते. इंडियन ऑइलने २०२० साली १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले खरे. परंतु असे पेट्रोल प्रत्येक गावच्या पंपावर मिळत नाही. मुंबई-पुण्यात तरतरीत धावणारी गाडी जालन्यात सुस्तावली, तर हा संशय आधी घ्यावा. याखेरीज आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असल्याने अशा मिश्रणात ६ ते ७ टक्के उष्णता कमी असते, आणि तेवढे इंधन अधिक पुरवावे लागते. पंप थकलेला किंवा इंजेक्टर तुंबलेला असेल, तर ते दुखणे येथे उघडे पडते. इथेनॉल पाणीही शोषून घेते. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या हौशी गाडीत पाणी टाकीच्या तळाशी साचू शकते. अशा वेळी जुने पेट्रोल काढून टाकणे हाच उपाय.

ठिणगीची परीक्षा प्लगवरून होते. त्याचे टोक फिके तपकिरी असेल, तर ज्वलन उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, पांढरेफटक टोक म्हणजे उष्णता अधिक, आणि तेलकट टोक म्हणजे आत तेल उतरत आहे. प्लगवरील कॉइल दुबळी झाली, की जोराच्या क्षणी ठिणगी चुकते व गाडी गचके देते. हा दोष मुळीच अंगावर काढू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व त्याची जाळी वितळविते. मग धूर कोंडतो आणि वाढत्या फेऱ्यांना इंजिन गुदमरते. शिवाय असा लालबुंद तापलेला भाग वाळल्या गवतावर उभ्या केलेल्या गाडीखाली आग लावू शकतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तरच स्पर्शन, म्हणजे इंजिनाच्या अंतरंगाची परीक्षा. कुशल कारागीर प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजतो. एखाद्यातील दाब इतरांहून बराच कमी भरला, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर बहुधा झडप नीट बसत नाही. सर्वांतच दाब कमी असेल, तर साखळी ताणून झडपांची वेळ चुकली आहे काय, तेही पाहावे. हे काम खर्चाचे आहे, म्हणूनच ते शेवटी.

एक नियम मात्र आरंभापासून पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, गाळणी आणि पंप एकदमच बदलले, तर गाडी कदाचित सुधारेल. परंतु दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि तोच दोष परतला की पुन्हा तिन्हींचा खर्च. उपचाराचे फळही मोजूनच ठरवावे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, सकाळच्या एकाच सुमारास, त्याच गिअरमध्ये ४० पासून ८० पर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात, हे शेजारी बसलेल्याने घड्याळ लावून दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर टिपून ठेवावे. नव्या भागाचे बिल पाहून गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. सेकंदाचा काटा मात्र कोणाची भीड धरीत नाही. तो जोवर पूर्वीच्या जागी येत नाही, तोवर पुढच्या ट्रकच्या मागेच राहणे शहाणपणाचे.