जुनी गाडी आणि रेडिएटरचं झाकण

एप्रिलच्या उन्हात खंबाटकी चढताना जुन्या जीपचं पाणी उकळलं की सल्ला ठरलेला असतो: "झाकण जास्त पौंडाचं टाका, गाडी गरम होणार नाही." सांगणारा आपुलकीनं सांगतो, पण गाडीचं नुकसान याच सल्ल्यानं होतं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी हा विषय एकदा नीट उलगडायला हवा.

झाकण गाडी थंड करत नाही. इंजिन किती तापमानावर चालावं हे थर्मोस्टॅट ठरवतो. उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरच्या जाळीचं, पंख्याचं आणि वॉटर पंपाचं. झाकण फक्त आतलं पाणी दाबाखाली ठेवतं आणि त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशाला उकळतं. 7 पौंड (म्हणजे दर चौरस इंचाला 7 पौंड) दाबाखाली ते सुमारे 111 अंशांपर्यंत थांबतं, 13 पौंडांखाली साधारण 118 पर्यंत. म्हणजे 13 पौंडांचं झाकण लावल्यावर इंजिन थंड झालेलं नसतं. ते पूर्वीइतकंच तापतं, फक्त पाणी उकळायला उशीर होतो. चोंदलेली जाळी, सैल पट्टा, झिजलेला पंप हा खरा रोग तसाच राहतो.

मग जास्त दाब असला तर बिघडलं काय? दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला जेमतेम 4 पौंडांचं झाकण असे. आपल्याकडे वर्षानुवर्षं धावलेल्या सीजे-3बी जीपला 7 पौंडांचं. तांब्यापितळेच्या त्या रेडिएटरचे सांधे डाख देऊन जोडलेले असतात आणि आज ते चाळीस-पन्नास वर्षांचे झाले आहेत. वरच्या टाकीची एक बाजू 40 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच धरा. 7 पौंडांना त्या पत्र्यावर आतून जवळपास 195 किलोंचा भार येतो, 13 पौंडांना 365 किलोंचा. जादा 170 किलो म्हणजे तीन माणसं त्या जुन्या डाखावर उभी केल्यासारखं झालं. सांधा उलला नाही तर होज फुगतो, तो टिकला तर पंपाचं सील गळायला लागतं. सगळ्यात कमजोर भागाला इजा होण्याआधी दाब सोडून देणं हेही झाकणाचं काम आहे. मोठ्या आकड्याचं झाकण लावलं की ही सुरक्षा आपण आपल्या हातानं काढून टाकतो.

आकड्यांचा घोळ तर दुकानाच्या काउंटरवरच होतो. हातात दोन झाकणं येतात, एकावर 7 आणि दुसऱ्यावर 0.9. "हे तर एकापेक्षाही कमी, जुन्या गाडीला हेच बरं," असं वाटून 0.9 चं उचललं जातं. पण तो 0.9 पौंडांत नसून बारमध्ये असतो. म्हणजे सुमारे 13 पौंड. 1.1 लिहिलेलं असेल तर जवळजवळ 16. काही झाकणांवर किलोपास्कल असतात, तिथे 48 म्हणजे आपले 7 पौंड. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय झाकण घेऊ नका.

"बसलं म्हणजे झालं" हाही असाच एक समज. झाकणाचे कान रेडिएटरच्या मानेत अडकले, फिरवून घट्ट झालं, एवढ्यावर समाधान मानू नका. आतलं रबर मानेच्या तळाशी असलेल्या बैठकीवर टेकायला हवं. अनेक जुन्या गाड्यांची मान खोल, सुमारे एक इंचाची असते. नंतरच्या बऱ्याच गाड्यांची पाऊण इंचाची. आखूड झाकण खोल मानेत बसवलं तर रबर टेकतच नाही, दाब धरला जात नाही आणि पाणी रोज कमी होतं. लांब झाकण उथळ मानेत बसवलं तर स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि ते लिहिलेल्या आकड्याच्या पुढे उघडतं. मानेच्या कडेपासून बैठकीपर्यंतचं अंतर मोजायला दोन मिनिटं लागतात.

झाकणात दुसरा, छोटा व्हॉल्व्हही असतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. रात्री इंजिन थंड झालं की पाणी आकसतं आणि आत निर्वात निर्माण होतो. तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडून हवा किंवा रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी आत घेतो. माझ्या जीपमध्ये हा व्हॉल्व्ह गंजून अडकला होता. सकाळी बॉनेट उघडलं तर वरचा होज रस काढलेल्या चिपाडासारखा चपटा झालेला. मी होज बदलायला निघालो होतो. दोष झाकणात निघाला. झाकण उलटं करून मधली छोटी चकती नखानं ओढून पाहा. ती सहज हलायला आणि सोडल्यावर जागेवर परतायला हवी.

याच्या अगदी उलट सल्लाही ऐकू येतो: झाकण सैल ठेवा, वाफ निघून जाईल. तसं केलं की पाणी 100 अंशालाच उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर तर 95-96 अंशांनाच. हेडजवळ वाफेचे बुडबुडे अडकतात, तेवढा धातू कोरडा तापतो आणि हेड गॅस्केट जातं.

उकळण्यापासून थोडी जास्त सवलत हवी असेल तर चांगल्या कुलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण घाला. दाब न वाढवता उत्कलनबिंदू सातेक अंशांनी वर जातो आणि गंजही रोखला जातो. रेडिएटर, होज आणि पंप सगळे नव्या धाटणीचे बसवले असतील तरच वरच्या आकड्याचा विचार करा, तोही रेडिएटर बनवणाऱ्यानं दिलेल्या मर्यादेत. नाहीतर गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा हाच तुमचा आकडा.

आणि घाटात गाडी उकळली तर कितीही घाई असो, झाकणाला हात लावू नका. दाब सुटताक्षणी 110 अंशांचं पाणी एकदम वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. वरचा होज हातानं सहज दाबता येईपर्यंत थांबा, अर्धा तास लागला तरी.