दीडशे मर्सिडीज आणि सात टक्के : गाडीच्या सौद्याबद्दलचे गैरसमज

गाडीच्या कर्जाचा व्याजदर बँक ठरवते आणि ग्राहकाने तो मुकाट्याने मान्य करायचा असतो, ही समजूत निदान मराठवाड्यात तरी टिकायला नको होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या संभाजीनगरातील, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यातले ४० कोटींहून अधिक भारतीय स्टेट बँकेने कर्जाऊ दिले. बँक कर्मचारी संघटनेचे नेते देवीदास तुळजापूरकर यांनी सांगितल्याप्रमाणे या कर्जाचा व्याजदर होता ७ टक्के. त्याच वर्षी डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये या सात टक्क्यांच्या शेजारी याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचे ट्रॅक्टरचे कर्ज मांडले. त्याचा दर १५.९ टक्के होता.

मर्सिडीजला स्वस्त पैसा आणि ट्रॅक्टरला महाग, यातला अन्याय उघड आहे आणि त्यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. ‘बडे लोक, म्हणून मिळाले’ एवढ्यावर मात्र हे प्रकरण संपत नाही. खरेदीदारांची ऐपत होतीच, पण एकेकट्याने शोरूम गाठण्याऐवजी त्यांनी मागणी एकत्र केली आणि त्या जोरावर बोलणी केली. नोकरदाराला दीडशे जण जमवता येत नाहीत. तरी पगाराचे खाते असलेल्या बँकेची सवलत, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या मोठ्या कंपनीत नोकरी असल्यास मिळू शकणारा कॉर्पोरेट डिस्काउंट आणि दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र एवढे भांडवल त्याच्याकडेही असते. मंजुरीपत्र शोरूममध्ये जाण्याआधीच हाती असावे. विक्रेत्याला कर्ज देणाऱ्या संस्थेकडून कमिशन मिळते, त्यामुळे त्याने सुचवलेली बँक ग्राहकासाठी सर्वांत स्वस्त असेलच असे नाही. कधीकधी ती स्वस्त असतेही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

व्याजाच्या आकड्याबाबत सर्वांत महागात पडणारा गैरसमज ‘फ्लॅट’ दराचा. ‘फ्लॅट ९ टक्के’ आणि घटत्या शिलकीवरचे ९ टक्के ऐकायला सारखे वाटतात. ८ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०७ रुपये आणि एकूण व्याज साधारण १ लाख ९६ हजार होते. फ्लॅट पद्धतीत फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहते. त्यामुळे हप्ता १९,३३३ रुपयांवर जातो, व्याज ३ लाख ६० हजार होते आणि खरा दर पडतो साडेपंधरा टक्क्यांच्याही वर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बँकांना आणि वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन संस्थांची तुलना करायची ती याच आकड्याने.

‘हप्ता झेपतो, म्हणजे गाडी झेपते’ हेही तसेच फसवे गणित. शोरूममध्ये बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, महिन्याला किती जमेल? उत्तर देताच बोलणी गाडीच्या किमतीवरून हप्त्यावर सरकतात, आणि हप्ता कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे मुदत वाढवणे. वरचेच कर्ज ५ ऐवजी ७ वर्षांचे केले, तर हप्ता सुमारे ३,७०० रुपयांनी उतरतो, पण व्याज जवळपास ८५ हजारांनी चढते. शिवाय सातव्या वर्षी हप्ते चालू असतात आणि गाडीची बाजारातली किंमत केव्हाच खाली आलेली असते. म्हणून आधी गाडीची किंमत, मग जुन्या गाडीचे एक्स्चेंज, शेवटी कर्ज, असे तीन वेगळे सौदे करावेत. तिन्ही एकत्र कालवले की एकीकडे दिलेली सूट दुसरीकडे कशी वसूल झाली, हे ग्राहकाला दिसत नाही.

‘रोख दिले की भाव पडतो’ हा जुन्या बाजारातला नियम इथे फारसा चालत नाही. कर्जावर कमिशन मिळत असल्याने विक्रेत्याला रोखीच्या ग्राहकाचे वेगळे अप्रूप नसते. नोटांची पिशवी तर कायद्यातच बसत नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड स्वीकारण्यावर २०१७ पासून बंदी आहे.

खरी घासाघीस होते ती कोटेशनच्या कागदावर, आणि तो कागद ओळ न् ओळ वाचावा लागतो. समजा, ९ लाखांची पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घ्यायची आहे. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेलाच असतो. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे ९९ हजार. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५००. या ओळींत घासाघीस नाही, फक्त आकडे पडताळून पाहायचे. त्याखाली हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस, ॲक्सेसरी किट, पेंट कोटिंग, वाढीव वॉरंटी येतात. यातली कुठलीही ओळ सरकारी नाही. हँडलिंग चार्जेस म्हणजे नेमके कशाचे, एवढे विचारले तरी पुष्कळदा ती रक्कम खाली येते.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, हाही गैरसमजच. तशी सक्ती करता येत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ वर्षांचा तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते, तेव्हा तो सगळीकडे तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा आकडा, सारखा आहे ना, हे पाहावे. नव्या गाडीचा तो एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे वरच्या उदाहरणात ८ लाख ५५ हजार. तो गुपचूप कमी करून हप्ता स्वस्त दाखवता येतो.

१० लाखांवरील गाडीच्या बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल केलेला आयकर, असतो. ती रक्कम गेली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती खरेदीदाराच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. वाहनकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, ही समजूत मात्र पगारदारापुरती चुकीची. धंद्यासाठी गाडी वापरणाऱ्याला व्याज आणि घसारा खर्चात दाखवता येतो, पगारदाराला नाही.

शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे म्हणून ती गाडी इथे स्वस्त मिळत नाही. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि कर राज्यभर सारखाच असतो. फरक पडतो तो विक्रेत्याच्या सवलतीत. तेव्हा पुणे किंवा नाशिकचे कोटेशन मागवण्यात गैर काही नाही. संभाजीनगरचा पत्ता दिला की तिकडून घेतलेल्या गाडीलाही एमएच २० क्रमांक मिळू शकतो.

मुहूर्ताचा विषय नाजूक असला तरी पैशाच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. दसरा-पाडव्याला ग्राहक आपणहून येतात, मग विक्रेत्याने भाव का सोडावा? पितृपक्षात शोरूम ओस असते आणि महिन्याचे टार्गेट डोक्यावर असते. बोलणी त्या पंधरवड्यात करून गाडी घटस्थापनेला घरी आणली, तर रूढीही सांभाळली जाते. बुकिंगच्या अर्जात मात्र ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असे कलम बहुधा असते. ते कधी फायद्याचेही ठरते. २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा उपकरही गेला, तो २२ सप्टेंबरला. त्या दिवशी घटस्थापना होती. वर्षअखेरीला मोठी सूट मिळते खरी, पण तेव्हा उत्पादनाचा महिना-वर्ष तपासावे. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या वर्षीची निघाली, तर पुढे विकताना ग्राहक ते वर्ष बोलून दाखवतोच.

कर्ज देताना बँक पाहते तो सिबिल स्कोअर स्वतः पाहिल्याने घसरतो, ही भीती निराधार आहे. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे कर्जाचे अर्ज टाकले तर मात्र त्या चौकशांची नोंद राहते.

शेवटचा हप्ता गेला की व्यवहार मिटला, असेही नाही. बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा लागतो, आणि विमा पॉलिसीवरचे बँकेचे नावही. हे राहून गेले तर कागदोपत्री गाडी बँकेकडे गहाणच राहते आणि विकताना अडते.