उसाचे बिल, मोबाइलवरचा ऑप्शन आणि ट्रॅक्टरचे डिझेल



उसाचे बिल बँकेत जमा झाले की पैशाला वाटा फुटायला वेळ लागत नाही. सोसायटी, खताचे दुकान, पोरांची फी, घरचे कार्य. यात अलीकडे एक नवी वाट आली आहे. ती म्हणजे मोबाइलवरचा 'ऑप्शन'. गावातली शिकलेली पोरं पारावर बसून 'कॉल' आणि 'पुट'ची भाषा बोलतात आणि वडीलधाऱ्यांना त्यातले काही कळत नाही. म्हणून हा प्रकार काय आहे, ते आपल्याच व्यवहारातल्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ऑप्शन म्हणजे काय?

समजा, दहा लाखांची जमीन घ्यायची आहे. तुम्ही वीस हजार इसार दिला आणि तीन महिन्यांची मुदत ठरवली. मुदतीत जमिनीचा भाव अकरा लाख झाला, तरी मालकाने ती दहा लाखांनाच द्यायची. भाव नऊ लाखांवर आला, तर तुम्ही इसार सोडून मोकळे. कॉल ऑप्शन तो हाच. भाव चढण्यावर घेतला तर कॉल, उतरण्यावर घेतला तर पुट.

फरक एकच. जमिनीचा इसार किमतीत वळता होतो, ऑप्शनचा मात्र होत नाही. तो गेला तो गेलाच. मुंबईच्या जुन्या बाजारात याच धंद्याला तेजी-मंदी म्हणत आणि त्या रकमेला नजराणा. म्हणजे वस्तू नवी नाही. 1952 च्या कायद्याने शेतमालातल्या ऑप्शनवर बंदी आली होती. शेअर बाजारात निर्देशांकाचे ऑप्शन 2001 साली सुरू झाले, वस्तूंचे 2017 साली.

मग तोटा का होतो?

वरच्या उदाहरणात भाव दहा लाख दहा हजार झाला, तर तुमचा अंदाज बरोबर निघाला, तरीही खिशातले दहा हजार गेले. भाव नुसता वाढून भागत नाही. तो नजराण्यापेक्षा जास्त आणि मुदतीच्या आत वाढावा लागतो. काही ऑप्शनची मुदत तर आठवड्याचीच असते. एकेक दिवस जाईल तसा नजराणा उन्हातल्या बर्फासारखा वितळतो. वर दलाली आणि कर वेगळे.

ऑप्शन घेणाऱ्याचा तोटा निदान नजराण्यापुरता असतो. ऑप्शन विकणाऱ्याचे तसे नाही. त्याला नजराणा आधी मिळतो, पण बाजार उलटला तर किती भरावे लागेल याला धरबंध नाही. "रोजचे थोडे थोडे मिळते" असे सांगून याच वाटेला लावणारे पुष्कळ भेटतात.

सेबी ही बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिने 2024 साली हिशोब काढला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य माणसांपैकी शंभरातले 93 तोट्यात गेले. तोटा सरासरी दोन लाख रुपयांच्या आसपास. 2024-25 सालीही शंभरातले 91 बुडालेच. आता हे दोन लाख उसात मोजून पाहा. 2025-26 च्या हंगामाचा केंद्राने ठरवलेला दर 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये. म्हणजे 56 टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक वजा न करता! अठरा महिने पाणी पाजून वाढवलेला आडसाली ऊस बोटाच्या टोकाने गेला म्हणायचा.

मग ऑप्शन कुणाचे काम?

ज्याच्या घरात माल आहे आणि भाव पडण्याची धास्ती आहे, त्याच्यासाठी तो विमा आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचे वायदे आणि ऑप्शन चालतात. एक सौदा 1,12,000 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 51 टनांचा. साखरेचे मोठे व्यापारी आणि कारखानदार तिथे आपला भाव सांभाळतात. विम्याचा हप्ता भरणे वेगळे आणि दुसऱ्याच्या गोठ्याला आग लागेल यावर पैज लावणे वेगळे.

तरीही कुणाला करायचेच असेल, तर एवढी पथ्ये पाळावीत :

1. पीककर्ज, सोसायटीची उचल, दागिने गहाण ठेवून आणलेला पैसा याला हात लावू नये. मुदतीत पीककर्ज फेडले तर तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते. हा फायदा पक्का आहे.
2. वर्षभराचा खर्च बाजूला काढून जे उरेल, त्यातलाही बुडाला तरी चूल पेटेल एवढाच भाग.
3. नुसता ऑप्शन विकण्याच्या भानगडीत पडू नये.
4. खात्रीचा नफा सांगणाऱ्याला पैसा वा पासवर्ड देऊ नये. सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे का, ते आधी पाहावे.
5. हे शेतीचे उत्पन्न नव्हे, तर व्यवसायाचे धरले जाते. हिशोब ठेवावा, विवरणपत्र भरावे.

घरातला पक्का नफा

आता जिथे शंभरातले शंभर जिंकतात, असा धंदा पाहू. वजनकाट्यापुढच्या रांगेत ट्रॅक्टर चालू ठेवून गप्पा मारणे सगळीकडे दिसते. उभ्या ट्रॅक्टरला तासाला साधारण लिटरभर डिझेल लागते. रोजचा एक तास वाचवला, तर शंभर दिवसांच्या हंगामात शंभर लिटर. लिटरला 90 रुपये धरले तरी 9,000 रुपये झाले.

पाइपातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला 86,400 थेंब होतात. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोज दोन लिटरच्या वर डिझेल मातीत जाते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आटतेही.

एअर फिल्टर वेळेवर साफ करावा. काळा धूर दिसला की मिस्त्रीला दाखवावे, कारण तो धूर म्हणजे न जळालेले डिझेल. टायरात हवा बेताची असावी. आपल्या शिराळ्याच्या डोंगराकडच्या रानात नांगर उताराला आडवा धरावा. डिझेलही वाचते, मातीही वाचते. मोटारसायकल ताशी 45 ते 55 किलोमीटरने चालवावी आणि बाजाराच्या एका फेरीत चार कामे उरकावीत.

वाचलेल्या डिझेलला मुदत नसते, नजराणा नसतो आणि बाजार पडला तरी ते पडत नाही. तेव्हा यंदा बिल जमा झाले की घरातल्या सगळ्यांनी, कारभारणीसकट, एकदा वही घेऊन बसावे. आधी देणी, मग वर्षाचा खर्च, मग शिल्लक, एवढा क्रम त्यात लिहून काढावा. पोराच्या मोबाइलवर काय चालले आहे, तेही त्याच वेळी न रागावता विचारावे.